बंदोबस्ताचे बिल कुणाच्या नावे?

दिवाळीच्या गर्दीत नाक जमिनीला लावून चालणारा पोलिसांचा कुत्रा आपण पाहिला असेल. मुले आईच्या पदरामागे सरकतात, बाबा मोठ्या धीराने ‘काही करत नाही हो तो!’ म्हणतात. पण या कुत्र्याच्या जेवणाचे पैसे कोण भरतो, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

‘त्यात काय, महापालिका!’ असे आपण म्हणाल. घरपट्टी भरणाऱ्याला तसे वाटणारच. एके काळी ते खरेही होते. मुंबईच्या पोलीसखर्चाचा वाटा पालिकेच्या गळ्यात होता आणि त्यावरून सरकार व नगरपिते यांची वर्षानुवर्षे खडाजंगी चाले. अखेर १९०७ च्या कायद्याने सौदा तुटला. पोलीस सरकारने पोसावेत, बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखाने पालिकेने सांभाळावेत. पालिकेच्या शाळेत शिकलेल्या आपल्या आजोबांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते!

पुढे राज्यघटनेनेही पोलीस हा राज्याचाच विषय ठरविला. बॉम्बशोधक व नाशक पथक असो, श्वानपथक असो की शीघ्र कृती दल, नाव शहराचे, पण पगार राज्याच्या गृहखात्याचा. आधुनिकीकरणासाठी केंद्र १९६९-७० पासून मदत देते. ती वाहने, शस्त्रे, बिनतारी यंत्रे यांसाठी, पगारासाठी नव्हे.

म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्याचा शेतकरी साबणाची वडी घेतो, तेव्हा तिच्यावरील करातला राज्याचा वाटा ज्या तिजोरीत पडतो, तिच्यातूनच मुंबईचा कुत्रा जेवतो. त्यात वावगे काही नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी ‘जंजीर’ या लॅब्राडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढल्याची नोंद आहे. त्याचे जेवण कुणाला जड वाटेल? घोड्यांबद्दल मात्र आमची थोडी कुरकुर आहे. मुंबईचे अश्वदल १९३२ मध्ये बंद झाले, ते २०२० मध्ये पुन्हा उभे करायचे ठरले. संचलनात घोडे देखणे दिसतात, हे कबूल! पण डोंगरकड्याच्या बाजारात बेवारस पिशवी सापडली, तर तिथल्या माणसांना पथक बाहेरून येईपर्यंत वाटच पाहावी लागते.

आणि हा भाग नुसता पैसाच देतो असे नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीत आहे. पूर्वी याच गावी निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, पण इंग्रजांच्या हुकमतीतल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या फौजेचे पैसे थकले, म्हणून १८५३ मध्ये निजामाला अख्खे वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावे लागले. थकबाकीपायी प्रांत गेला!

आता तसे भय नाही. गणेशोत्सव, निवडणूक, दंगल, काही निघाले की राखीव दलाच्या तुकड्या गाड्यांत बसून शहराकडे निघतात. क्रिकेटच्या सामन्याला बंदोबस्त दिला, तर आयोजकांना बिल जाते. सणासुदीच्या बंदोबस्ताचे बिल आपल्याला येत नाही. आपण खरेदी आटोपून घरी फराळाला बसतो, तेव्हा नाक्यावर उभ्या असलेल्या त्या जवानाच्या घरी भाऊबीजेचे ताट झाकून ठेवलेले असते.