मुक्तिनाथाच्या वाटेवर उंचीने शिकवलेला धडा

ज्येष्ठांच्या परदेशयात्रेची तयारी औषधांचे डबे, गुडघ्याचे पट्टे आणि लोकरी कपडे यांपासून सुरू होते. आम्हीही हे सारे नीट भरले होते. आई 68 वर्षांची, बाबा 73 वर्षांचे. बाबांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात होता आणि रोज पहाटे फिरायला जाण्याचा त्यांचा नेम होता. नेपाळमधील मुक्तिनाथाचे दर्शन ही त्यांची जुनी इच्छा. सहलीच्या पत्रकात सारे सोपे वाटत होते : पोखराहून सकाळच्या विमानाने जोमसोम, तेथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी जीपने मुक्तिनाथ आणि संध्याकाळपूर्वी परत.

पण हिमालय पत्रक वाचत नाही. जोमसोम हे काली गंडकीच्या खोऱ्यात, धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरहून उंच पर्वतांच्या मधल्या खिंडारात वसले आहे. दिवस तापला की या खोऱ्यातून जोरदार वारा वाहू लागतो, म्हणून तेथील विमाने सकाळीच उडतात. आमच्या दिवशी सकाळी ढग उतरले आणि विमान रद्द झाले. मार्गदर्शकाने जीप ठरवल्या. वाटेत एके ठिकाणी दरड कोसळलेली, तेथे तीन तास गेले. वेळापत्रक सावरण्यासाठी जोमसोमचा मुक्काम गाळून थेट मुक्तिनाथाच्या पायथ्याशी, राणीपौवा येथे रात्र काढायचे ठरले. त्या घाईच्या निर्णयाला आम्हीही मान डोलावली. चूक तेथे झाली.

पोखरा सुमारे 800 मीटर उंचीवर आहे, जोमसोम सुमारे 2,700 आणि मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर. म्हणजे एका दिवसात आम्ही जवळजवळ तीन हजार मीटर वर चढलो होतो. इतक्या उंचीवर हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच उरतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. रोज चालण्याचा सराव येथे ढाल होत नाही. धडधाकट तरुणालाही ही बाधा होऊ शकते.

पहाटे बाबा उठले ते कपाळ धरूनच. “थंडीने डोके जड झाले आहे, दुसरे काही नाही,” असे म्हणून त्यांनी चहा बाजूला सारला. त्यांना मळमळत होते. आईने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि मला हळूच म्हणाली, “अगं, ह्यांचा पाय नीट पडत नाही.” मी बाबांना सरळ रेषेत, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला लावून चालायला सांगितले. चौथ्या पावलाला त्यांचा तोल गेला.

मंदिर समोर होते. 108 गोमुखांतून पडणाऱ्या धारांखाली स्नान करण्याचे बाबांच्या मनात होते. “एवढ्या लांब आलो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, मग उतरू,” ते म्हणाले. मार्गदर्शकही घुटमळला. मी म्हटले, “बाबा, देव येथेच राहणार आहे. तुम्ही आधी खाली चला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते जीपमध्ये बसले. आईला मी सोबतच्या यात्रेकरूंबरोबर दर्शनाला पाठवले.

जोमसोमला, हजार मीटर खाली पोहोचेपर्यंत त्यांची डोकेदुखी उतरू लागली होती. तेथील डॉक्टरांनी तपासून प्राणवायू दिला. संध्याकाळी ते आधाराविना सरळ चालले आणि वाटीभर भात जेवले. आईने आणलेले तीर्थ त्यांनी डोळ्यांना लावले.

अशा यात्रेला निघणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. निघण्यापूर्वी हृदय, फुप्फुसे आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी. उंचीची बाधा टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी दिली जाते; परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरहून अधिक वाढवू नये. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ठरवून पाणी प्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. हृदयविकार असणाऱ्यांनी बर्फगार धारांखाली एकदम उभे राहू नये. त्याने रक्तदाब अचानक वाढतो. हाती पाणी घेऊन मस्तकी लावले तरी पुरे.

डोकेदुखीसह मळमळ, चक्कर किंवा थकवा जाणवला तर आणखी वर चढू नये. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप किंवा वाढत जाणारा खोकला ही धोक्याची खूण होय. अशा वेळी रात्र असली तरी सुरक्षित वाट मिळताच खाली उतरावे. प्राणवायू आणि औषधे मदत करतात, पण खरा उपचार खाली उतरणे हाच.

वडीलधारी माणसे आपल्यामुळे इतरांची यात्रा मोडू नये म्हणून दुखणे लपवतात. म्हणून “बरे आहे ना?” एवढेच विचारून थांबू नये. त्यांना चार पावले चालवून पाहावे, ताटात काय उरले आहे ते पाहावे. आईने बाबांच्या शब्दांऐवजी त्यांची पावले पाहिली, म्हणूनच आम्ही चौघांऐवजी तिघे नव्हे, गेलो तितकेच घरी परतलो.