एपी लिटरेचर: अमेरिकी शाळेतले कादंबरीवाचन

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये विद्यार्थ्यांना काही विषय महाविद्यालयाच्या पातळीवर शिकता येतात. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट असे या अभ्यासक्रमांचे नाव असले तरी सगळे त्यांना ‘एपी’च म्हणतात. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून ते चालवते आणि दर मे महिन्यात परीक्षा घेते. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. चांगली श्रेणी मिळाली की अनेक विद्यापीठे पहिल्या वर्षाचा एखादा विषय माफ करतात, त्याची फीही वाचते. तिथल्या मराठी घरांत एपी म्हटले की बहुधा आधी कॅल्क्युलस आणि फिजिक्स निघते. इंग्रजी लिटरेचरची पाळी नंतर येते, आणि कस मात्र तिथेही तेवढाच लागतो.

या अभ्यासक्रमाला नेमलेली पुस्तके नाहीत. कविता, नाटक, कथा आणि कादंबरी वाचली पाहिजे, एवढेच ठरलेले. कोणती, हे शिक्षक ठरवतो. आणि पुष्कळदा शाळेच्या कपाटात कोणत्या पुस्तकाच्या तीस प्रती आहेत, यावरही ते ठरते. तरी काही नावे सारखी भेटतात. अनेक दशकांच्या प्रश्नपत्रिकांत उदाहरणादाखल पुस्तकांची यादी असे, तिच्यात राल्फ एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) सर्वांत जास्त वेळा आली आहे. एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’, डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आणि दस्तयेवस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ यांचा वावरही जुनाच.

शिकवण्याच्या पद्धतीची मुळे शंभर वर्षे मागे जातात. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी काय लिहिले, याचा अभ्यास १९२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. पुढे क्लीन्थ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या पाठ्यपुस्तकांनी ही नजर अमेरिकी वर्गांत रुजवली. लेखकाचे चरित्र बाजूला ठेवायचे आणि छापील शब्दांपाशी थांबायचे. कथा कोण सांगतो, कोणाला सांगतो, काय सांगायचे टाळतो? पुस्तक शाळेचे असल्याने त्यात पेन्सिल चालत नाही. मग पानोपानी रंगीत चिकटचिठ्ठ्या लागतात.

‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) या कामाला फार सोयीची. यॉर्कशरच्या माळरानावरची ही गोष्ट लॉकवुड नावाचा उपरा भाडेकरू लिहितो आणि त्याला ती नेली डीन ही घरची मोलकरीण सांगते. नवव्या प्रकरणात त्या घरची मुलगी कॅथरीन नेलीला सांगते की शेजारच्या एडगर लिंटनला आपण लग्नाचा होकार दिला आहे. लहानपणापासून सोबत वाढलेल्या हीथक्लिफशी लग्न करणे आता आपल्याला कमीपणाचे होईल, असेही ती बोलून जाते. आडोशाला बसलेला हीथक्लिफ एवढेच ऐकतो आणि गुपचूप निघून जातो. त्याच्यावर आपला किती जीव आहे, हे कॅथरीन बोलते ते त्यानंतर. त्याला जाताना नेली पाहते. पण तो इतका वेळ इथेच होता, असे ती त्या क्षणी कॅथरीनला स्पष्ट सांगत नाही. हीथक्लिफ तीन वर्षांनी परततो तेव्हा कॅथरीन लिंटनांची सून झालेली असते. पहिल्या वाचनात मुले हीथक्लिफच्या किंवा कॅथरीनच्या बाजूने भांडतात. दुसऱ्या वाचनात बोट नेलीकडे वळते: शहाणी, समंजस वाटणारी ही बाई गोष्ट नुसती सांगते की घडवतेही? निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न व्याख्या पाठ करून कळत नाही, तो असा कळतो.

याच कादंबरीबद्दल सी. पी. सँगर या वकिलाने १९२६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पुस्तकात थेट दिलेल्या तारखा मोजक्याच. पण ऋतू, वये आणि महिने जुळवत त्याने पूर्ण कालक्रम बसवून दाखवला. दोन घराण्यांच्या वंशावळी एकमेकींचे प्रतिबिंब वाटाव्यात इतक्या सारख्या निघाल्या. हीथक्लिफ एक मालमत्ता गहाणखतातून आणि दुसरी मुलाचे लग्न लावून कशी बळकावतो, तेही त्याने त्या काळच्या कायद्याशी ताडून पाहिले. फळ्यावर वंशावळ काढायला लावणे हा म्हणूनच नावांच्या घोळावरचा नुसता उपाय नाही.

शब्दांपाशी थांबणे मात्र सगळीकडे पुरत नाही. कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ची वाक्यरचना कितीही बारकाईने उलगडली, तरी तिच्यातल्या आफ्रिकी माणसांना जवळजवळ बोलूच का दिलेले नाही, हा प्रश्न उरतो. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्याख्यानात तो रोखठोक विचारला. आज पुष्कळ शिक्षक ही कादंबरी अचेबेंच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’सोबत लावतात, आणि जोडी एकट्या कॉनरॅडपेक्षा जास्त शिकवते.

पुस्तकांची निवड कधी वर्गाबाहेरही पेटते. गुलामगिरीवरची टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) व्हर्जिनियातील एका एपी वर्गात लावली गेली, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आईने तिच्यातील लैंगिक आणि हिंसक प्रसंगांवर आक्षेप घेतला. लैंगिक मजकूर शिकवण्याआधी पालकांना कळवावे आणि पर्यायी पुस्तक द्यावे, असे विधेयक विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केले; गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी ते नाकारले, २०१७ मध्ये पुन्हा नाकारले. २०२१ च्या निवडणुकीत हाच वाद प्रचाराच्या जाहिरातीत आला, मॅकऑलिफ हरले आणि पुढच्या वर्षी तसा कायदा झाला.

परीक्षा तीन तासांची. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न, उरलेल्या दोन तासांत तीन निबंध. दोन निबंध समोर दिलेल्या कवितेवर आणि गद्य उताऱ्यावर असतात. तिसरा विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या कलाकृतीवर, तोही पुस्तक हाताशी नसताना. महिनाभर वाचलेली कादंबरी साधारण चाळीस मिनिटांत मांडायची, हे जरा अन्यायाचेच. गुण सहा: विधानाला एक, पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला चार, विचारांच्या खोलीला एक. नुसते कथानक सांगून यातले फारसे काही हाती लागत नाही, म्हणून १९५८ पासून निघणारी पिवळ्या-काळ्या वेष्टनांची ‘क्लिफ्स नोट्स’ ही गाईडे पात्रांची नावे पक्की करण्यापलीकडे कामी येत नाहीत. जूनमध्ये देशभरातले शिक्षक आणि प्राध्यापक हे निबंध तपासतात. निकाल जुलैत लागतो.