हातावरची गाठ साधी. पण मुंग्या येत असतील तर?

मनगटावर किंवा तळहातात आलेली गाठ दुखत नसेल, तर अनेक जण ती वर्षानुवर्षे तशीच राहू देतात. हातावरच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरे. मात्र साधी गाठही मज्जातंतूवर दाब देऊ लागली, तर बोटांची संवेदना आणि पकड कमी होऊ शकते.

गाठी कोणत्या?
सर्वाधिक आढळते ती गँगलियन. सांध्याच्या किंवा कंडराच्या आवरणातून निघालेली ही जेलीसारख्या द्रवाची पिशवी असते. याशिवाय चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, कंडराच्या आवरणावरचा जायंट सेल ट्यूमर आणि मज्जातंतूच्याच वेष्टनातून वाढणारा श्वानोमा असे प्रकार आहेत.

आकारापेक्षा जागा महत्त्वाची
मनगटाच्या पुढच्या बाजूला कार्पल टनेल हा हाडे आणि जाड पट्टा यांमधला अरुंद बोगदा असतो. त्यातून 9 कंडरा आणि मीडियन मज्जातंतू जातात. तिथे छोटी गाठ आली तरी जागा अपुरी पडते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात.

करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी अल्नर मज्जातंतूचा मार्ग आहे. तिथल्या गाठीने करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू बधिर होते. मज्जातंतूच्या फक्त खोल शाखेवर दाब आला, तर बधिरपणा येतच नाही. केवळ हाताची ताकद कमी होते. खोलवरची गाठ वरून दिसेलच असेही नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?
- मुंग्या किंवा बधिरपणा टिकून राहणे
- हातातून वस्तू निसटणे, बटण लावताना अडचण
- अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांमधला स्नायू खोलगट होणे
- गाठ वेगाने वाढणे किंवा 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी होणे

तपासणी आणि उपचार
सोनोग्राफीत गाठ द्रवाची की भरीव, हे कळते. खोल गाठीसाठी एमआरआय, तर मज्जातंतूचे काम पाहण्यासाठी नर्व्ह कंडक्शन टेस्ट करतात. त्रास न देणाऱ्या गँगलियनवर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. ती कधी आपोआप जिरतेही. दाब येत असेल, तर शस्त्रक्रियेने गाठ काढतात. गँगलियन आणि जायंट सेल ट्यूमर पुन्हा होऊ शकतात.

जड वस्तूने ठोकून गाठ फोडण्याचा घरगुती उपाय टाळावा. दाब लवकर हटला तर संवेदना बहुधा परत येते. स्नायू एकदा सुकले, की गाठ काढूनही पूर्वीची ताकद येईलच असे नाही.