भांडारकर आणि जर्मन पंडित

संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७चा. ते जर्मन पंडितांच्या हाताखाली संस्कृत शिकले, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते साफ चूक आहे. रत्नागिरीची इंग्रजी शाळा आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज झाल्यावर व्याकरण, न्याय, वेदान्त ते आपल्याकडच्या शास्त्र्यांकडे बसून शिकले. पुण्यातले जर्मन प्राध्यापक मार्टिन हाउग यांनी ऐतरेय ब्राह्मण छापले, तेव्हा त्याचे सडेतोड परीक्षण १८६४ साली ‘नेटिव्ह ओपिनियन’मध्ये लिहिणारे भांडारकरच होते.

व्याकरणकार पतंजलीच्या काळाचा वाद तर मुळातून पाहण्याजोगा आहे. सुरू झालेली पण न संपलेली क्रिया वर्तमानकाळाने सांगावी, या नियमासाठी त्याच्या महाभाष्यात शुंग राजा पुष्यमित्राचा यज्ञ चालू असल्याचे उदाहरण येते. यज्ञ चालू आहे, म्हणजे राजा हयात आहे; तेव्हा पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, असे भांडारकरांनी १८७२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त मांडले. बर्लिनचे संस्कृतज्ञ आल्ब्रेख्ट वेबर यांना हे मान्य नव्हते. भांडारकर मागे हटले नाहीत, आणि आज बहुतेक अभ्यासक पतंजलीचा काळ हाच धरतात.

मग हा गैरसमज आला कुठून? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांच्या जागी आले, म्हणून त्यांचे शिष्य ठरवले गेले. ग्यॉटिंगेनची डॉक्टरेट १८८५ची, तीही सन्मानार्थ; तिथे ते विद्यार्थी कधीच नव्हते. जर्मनांकडून त्यांनी घेतली ती पद्धत: हस्तलिखिते ताडून पाहायची, चुकांची वंशावळ लावायची आणि मूळ पाठाकडे जायचे. कार्ल लाखमान यांनी ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी ती घडवली होती. युरोपीय चिकित्सेचे हे ऋण भांडारकरांनी कधी लपवले नाही. पण पद्धत घेणे म्हणजे विद्या उसनी घेणे नव्हे, एवढा फरक तरी लक्षात घ्यायला हवा.

त्यांच्याविषयी आणखीही घोटाळे होतात. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संस्था त्यांनी स्थापलेली नाही. शिष्यांनी आणि चाहत्यांनी ती १९१७ साली त्यांच्या नावाने उभी केली, त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. पुरातत्त्वज्ञ देवदत्त भांडारकर हे त्यांचे चिरंजीव. दोघांची पुस्तके एकाच्या नावावर घालू नयेत. संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्तीही रामकृष्ण भांडारकरांची नव्हे. तिचा आरंभ १९१९ साली त्यांच्या हातून झाला; पण पुढे ती विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आली आणि १९६६ साली पूर्ण झाली. बर्लिनला जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे शिकून आले होते ते हे सुखटणकर, भांडारकर नव्हेत.