अंदाज आधी, काटा नंतर

बारामतीच्या ‘एआयच्या उसा’ची कीर्ती आता नव्याने सांगायला नको. जानेवारी 2025 मध्ये कृषिक प्रदर्शनात हा ऊस पाहायला गर्दी लोटली, सत्या नडेला यांनी त्याचे कौतुक केले, इलॉन मस्क यांनीही दाद दिली. त्याच वर्षी राज्य सरकारने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. या गाजावाजात एक प्रश्न मागे पडला. ऊस वाढला, तर तो नेमका कशाने? हा प्रयोग करणाऱ्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या पद्धतीत संगणकाच्या सल्ल्याबरोबर निरोगी रोपे, ठिबक, माती परीक्षण, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर हेही आहे. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर वाढीचे श्रेय सहाव्या गोष्टीला देणे घाईचे होईल. ठिबक आणि रोपांनी ऊस वाढतो हे माळेगावपासून भवानीनगरपर्यंत कुणालाही शिकवावे लागत नाही. संगणकाने त्यावर किती भर घातली, हे शेजारी तेच बेणे आणि तेच ठिबक, पण सल्ल्याविना, असे रान ठेवल्याशिवाय कळणार नाही.

असा सल्ला पिकाच्या वाढीचा हिशोब मांडणाऱ्या पीक-प्रारूपातूनही देता येतो, पण ते म्हणजे नुसता एआय नव्हे, आणि हा फरक कामाचा आहे. डचांच्या वाखेनिंगेनमध्ये सी. टी. द विट यांनी 1960च्या दशकात हिशोब मांडला होता, की पानांवर अमुक ऊन पडले तर तमुक कर्ब बांधला जातो. त्याच वाटेने पुढे दक्षिण आफ्रिकेत उसासाठी कॅनेग्रो आणि ऑस्ट्रेलियात ॲप्सिमचे ऊस-प्रारूप तयार झाले. रोजचे तापमान, ऊन, पाऊस, मातीची खोली, लागण तारीख आणि उसाची जात एवढे दिले, की ही प्रारूपे पानांचा विस्तार, मुळाशी उरलेला ओलावा आणि साखरेचा साठा दिवसागणिक काढत जातात. एआय मात्र मागच्या नोंदींतून नमुने शिकतो. जे त्याने कधी पाहिलेच नाही, तिथे तो बिचकतो. 25 मे 2025 ला बारामती-इंदापुरात कोसळलेला पाऊस आणि पिंपळी-लिमटेक परिसरात फुटलेला नीरा डावा कालवा कुठल्या जुन्या नोंदीत सापडणार? शरीरक्रियेवर चालणाऱ्या प्रारूपाला निदान पाण्याचा जमाखर्च मांडता येतो. अर्थात तुंबलेल्या पाण्यात गुदमरणारी मुळे हा त्याचाही कच्चा विषय आहे. उपग्रहाबद्दलही थोडी सबुरी हवी. सेंटिनेल-2च्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. एकरभर उसासाठी तो पुरे. पण आडसाली ऊस जोमाने वाढतो तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते, आणि साधा उपग्रह नेमका त्याच महिन्यांत आंधळा होतो. तेव्हा रडारचा उपग्रह आणि प्रारूपाचा हिशोब यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

बरे, सल्ला अचूक आला असे मानू. तो पाळता येईल का? ‘उद्या पाणी द्या’ हा निरोप मोबाइलवर येईल, पण ज्याची विहीर तळाला गेली आहे त्याला कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहायची आहे, आणि ज्याची मोटार रात्रपाळीच्या विजेवर आहे त्याला रात्री रानात जायचे आहे. म्हणून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत प्रारूपाचा खरा उपयोग ‘पाणी द्या’पेक्षा ‘आज देऊ नका’ हे सांगण्यात आहे. आवर्तन आले की गरज असो-नसो, पाणी भरून घ्यायचे ही नीरा खोऱ्यातली जुनी सवय, आणि तिच्यामागे अविश्वासाचे रास्त कारण आहे: पुढचे आवर्तन कधी येईल याची खात्री नाही. पण याच सवयीने कालव्याखालच्या काळ्या जमिनी इंग्रजी अमदानीपासून चोपण आणि क्षारपड होत आल्या आहेत. टनेज वाढल्याचा फलक लावता येतो; वाचलेल्या जमिनीचा फलक कुणी लावत नाही.

या सगळ्याची परीक्षा घ्यायची सोय इथे आधीच आहे, आणि नवल वाटते ते तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही याचे. ज्वारीचे किंवा तुरीचे प्रत्येक रानातले उत्पादन कुणी मोजत नाही. कारखान्याला जाणारा ऊस मात्र वजन करूनच गव्हाणीत पडतो. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या शेतकी विभागात गट नंबर, जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख आणि त्याच रानाचे वजन, अशी वर्षानुवर्षांची नोंद पडून आहे. प्रारूप पारखायला याहून चांगली सामग्री जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल. तेव्हा मागणी साधी आहे. गाळप सुरू होण्याआधी प्रारूपाने गटवार अंदाज जाहीर करावा, हंगाम संपल्यावर कारखान्याच्या वजनकाट्याचे आकडे शेजारी ठेवावेत. प्रात्यक्षिकाच्या निवडक रानांचे नव्हे, सगळ्या सभासदांचे.

यावर पहिला आक्षेप येतो नोंदीच्या खरेपणाचा. लवकर तोड मिळावी म्हणून लागण तारीख मागची सांगितली जाते, ही कुजबूज तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयलाही ठाऊक असते. आक्षेप खरा आहे, पण उलट्या बाजूने उपयोगी आहे. मोकळे रान हिरवे कधी झाले हे उपग्रहाला साधारण दिसते, आणि तारीख खोटी असेल तर प्रारूपाचा आकडाही फार चुकतो, म्हणजे ती नोंद आपोआप संशयात येते. दुसरा आक्षेप खर्चाचा. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटबरोबरच्या योजनेत हेक्टरी 25,000 रुपयांपैकी शेतकऱ्याचा वाटा 9,000, कारखान्याचा 6,750 आणि संस्थेचा 9,250 असे गणित मांडले गेले. इथे माझे मत वेगळे आहे. प्रारूपाचा सर्वांत मोठा फायदा तोडणीच्या क्रमात आहे. कुठला ऊस आज पक्व आणि कुठला अजून पंधरा दिवस थांबवावा, हे सांगता आले तर साखरेचा उतारा सुधारतो. पण एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एकट्या शेतकऱ्याच्या गोड उसाला जादा दर नाही. तो विकतो वजन. तोड लांबली, तुरा आला, वजन घटले, तर तोटा त्याच्याच खात्यात. लाभ सामूहिक असेल तर त्याचा खर्च आधी कारखान्याने उचलावा, आणि शेतकऱ्याकडून वाटा मागायचाच तर पहिल्या हंगामाचे अंदाज आणि वजने समोर ठेवून मागावा.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: काट्यावरच विश्वास नसेल तर परीक्षा कसली? पण एखाद्या गावात ओळीने सगळ्या गटांचे वजन अंदाजापेक्षा कमी भरले आणि शेजारच्या गावात तसे झाले नाही, तर प्रारूप त्या गावच्या मातीत चुकते आहे की काटा, हे शोधावेच लागेल. कारखान्याच्या वार्षिक सभेत आजवर काट्याबद्दल आवाज चढले तेव्हा सभासदाच्या हातात फक्त संशय होता. गटवार अंदाज छापून आला, तर त्याच्या हातात कागद असेल, आणि तो कागद छापायला कुठले संचालक मंडळ आधी तयार होते ते पाहायचे आहे.