पाव सेकंदाची भिंत

३ मार्च २०२३. बंगळूरच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना. नव्वद मिनिटांत ना बंगळूरु एफसीचा गोल झाला, ना केरळ ब्लास्टर्सचा, म्हणून जादा वेळ सुरू झालेला. केरळच्या पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर बंगळूरुला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत उभी करण्याच्या खटपटीत होते, गोलकीपर प्रभसुखन गिल ती लावून घेण्यात गुंतला होता. सुनील छेत्रीने ना शिट्टीची वाट पाहिली, ना भिंतीची. चेंडू अलगद उचलला आणि मोकळ्या जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला, केरळचा संघ मैदान सोडून गेला, आणि पुढे त्या क्लबला ४ कोटींचा दंड व प्रशिक्षकाला १० सामन्यांची बंदी झाली. निर्णय बरोबर की चूक, यावर कोचीत आजही चहा गार होईपर्यंत वाद घालता येतो.

त्या वादात एक साधी गोष्ट मागे पडली. गिल काही वेगळं करत नव्हता. फ्री किक पडली की गोलकीपरने आधी भिंत लावायची, हे शाळेच्या संघापासून शिकवलं जातं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांचा फुटबॉल सामना बघायला बसलं की हा विधी डोळ्यांइतकाच कानांनीही कळतो. गोलकीपर एका खांबाला चिकटतो, एक डोळा बारीक करून चेंडू आणि भिंतीच्या टोकाचा गडी एका रेषेत आणतो आणि ओरडत सुटतो, "डावीकडं... अजून... अजून सरक की मर्दा... बास, बास!" तेवढा वेळ ७.३२ मीटर रुंदीचा गोल जवळजवळ उघडाच असतो. चेंडू स्थिर असेल तर किक लगेच मारायचा हक्क आक्रमकांना आहे. भिंत मागे न्या, असं त्यांनी स्वतः सांगितलं किंवा पंचांनी खेळ थांबवून ठेवला, तरच शिट्टीची वाट बघावी लागते. म्हणून शहाणे संघ भिंतीची रेषा लावायचं काम एखाद्या फॉरवर्डला देतात. तो चेंडूच्या मागे उभा राहून खूण करतो आणि गोलकीपर आपल्या जागेवरून हलत नाही.

पण लावलेल्या भिंतीने मिळतं काय? थोडं गणित करून पाहू.

समजा, चेंडू गोलाच्या बरोबर समोर २० मीटरवर आहे. नियमाप्रमाणे भिंत ९.१५ मीटरवर. आडवा दांडा २.४४ मीटर उंच. चेंडूपासून त्या दांड्यापर्यंत दोरी ताणली, तर भिंतीपाशी ती जमिनीपासून जेमतेम १.१२ मीटरवर असेल, म्हणजे साधारण पोटाच्या उंचीवर. तेव्हा भिंतीने झाकलेल्या बाजूला सरळसोट फटका गोलात जाऊच शकत नाही. चेंडू डोक्यांवरून उचलावा लागतो आणि पुढच्या १०.८५ मीटरमध्ये दांड्याखाली उतरवावा लागतो. उडी मारलेल्या भिंतीवरून तो २.३ मीटर उंचीवर गेला असं धरा, हवेचा विरोध सोडून द्या आणि वेग म्हणजे गोलाच्या दिशेचा आडवा वेग समजा. ताशी ९० किलोमीटरने मारलेला चेंडू गोलापाशी ३.३ मीटरवर असेल, म्हणजे थेट प्रेक्षकांत. ताशी ७२ ने मारला तर २.३७ मीटर, दांड्याला घासून आत. म्हणजे गिरकी न देता मारणाऱ्याला ताशी ७२ च्या वर जायची सोयच नाही.

भिंतीची खरी कमाई ही. भिंत नसती तर त्याने ताशी १०० किलोमीटरने सपाट ठोकला असता आणि चेंडू पाऊण सेकंदाच्या आतच गोलात असता. भिंतीमुळे त्याला एक सेकंद लागतो. चेंडू अंगावर आदळून अडतो तो वरचा नफा. मूळ फायदा पाव सेकंदाच्या जरा वरचा. गोलकीपरला दिसल्यावर हलायलाच एक पंचमांश सेकंद जातो आणि खांबापर्यंत झेप घ्यायला आणखी पाऊण सेकंदाच्या आसपास. त्याच्या लेखी पाव सेकंद म्हणजे चैन.

आता खर्चाची बाजू. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या कॅथी क्रेग आणि जूस्ट डेसिंग यांच्या गटाने आभासी वास्तवाचे चष्मे चढवून गोलकीपरांपुढे फ्री किक सोडल्या, कधी भिंत ठेवून, कधी काढून. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भिंतीमुळे चेंडूच्या प्रवासाची पहिली सुमारे २०० मिलिसेकंदं गोलकीपरला दिसतच नव्हती. त्याची हालचाल ७० ते ९० मिलिसेकंदांनी उशिरा सुरू होत होती आणि अडवलेल्या चेंडूंची संख्याही घटत होती. गंमत आहे ती या दोन आकड्यांमधल्या फरकात. २०० मिलिसेकंदं अंधार, पण उशीर त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेला वेळ गोलकीपर कुठून तरी भरून काढतो, अंदाजाने म्हणा किंवा घाईने म्हणा. घाईचे पैसे शेवटी चुकीच्या झेपेत मोजावे लागतात.

यावरून 'भिंत काढून टाका' असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो घाईचा वाटतो. प्रयोगात दोन्ही वेळा चेंडू सारखेच होते. खऱ्या मैदानावर भिंत हटली की मारणाराही वेगळा चेंडू मारणार, वर केलेल्या हिशेबातला तो ताशी १०० चा. जवळून भिंत लागतेच. लांबून मात्र हिशेब उलटायला लागतो. ३० मीटरवरून ताशी १०० च्या चेंडूलाही एक सेकंदाच्या वर लागतं, म्हणजे भिंतीने जे विकत घ्यायचं ते अंतराने फुकट दिलेलं असतं. अर्धा गोल झाकायलाही तिथे १.१ मीटर रुंदी पुरते, म्हणजे दोन-तीन माणसं. २० मीटरवर तेच १.६७ मीटर होतात. तरी लांबच्या किकला पाच-पाच जणांची फळी लावणारे संघ दर आठवड्याला दिसतात. त्या फळीमागे मान इकडे-तिकडे करत चेंडू शोधणारा गोलकीपर पाहिला की दया येते.

तीस मीटरवर दोन-तीन माणसं हे सरळ चेंडूचं गणित झालं. तिथेच वळणारा चेंडू आला की काय होतं, ते ८ एप्रिल २०२५ ला आर्सेनलच्या मैदानावर दिसलं. डेक्लन राईसने जवळपास तेवढ्याच अंतरावरून मारलेला चेंडू रेआल माद्रिदच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाने वळसा घालून खांबाच्या आत आला. गोलात थिबो कुर्त्वा, दोन मीटर उंचीचा माणूस, तरी हात पोचला नाही. राईसने वरिष्ठ फुटबॉलमध्ये तोवर एकही थेट फ्री किक गोलात घातली नव्हती. त्या रात्री दोन घातल्या.

अशा चेंडूसाठीच भिंतीच्या टोकाच्या गड्याला खांबाच्या रेषेवर ठेवून चालत नाही. रेषेवर दुसरा, आणि टोकाचा एक अंगभर बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, हा उगाच गोलाबाहेरची हवा अडवतोय. पण चेंडू तिथूनच येतो.

क्रिकेटमुळे स्विंग आपल्या अंगवळणी पडलेला असला, तरी फुटबॉलचं वळण वेगळ्या जातीचं. तिथे शिवण हवेची वाट बदलते. इथे चेंडूचं स्वतःभोवती फिरणं. गिरकी घेणारा चेंडू आपल्याबरोबर हवाही ओढतो, मागे सुटणारी हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुसने १८५२ मध्ये हे तपासलं, म्हणून त्याला माग्नुस परिणाम म्हणतात. सेकंदाला आठ-दहा गिरक्या घेणारा चेंडू ३० मीटर प्रवासात चारेक मीटर बाजूला जाऊ शकतो. त्याच्यावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास जातो. चेंडू जणू बाजूला 'पडत' असतो. गिरकी पुढच्या दिशेने दिली तर हाच जोर चेंडूला खाली दाबतो, आणि मग आपली ताशी ७२ ची मर्यादाही ओलांडता येते.

खाली पडणारी वस्तू कुठे पडेल, हे आपल्याला जन्मापासून कळतं. बाजूला पडणारी वस्तू आपल्या डोळ्यांनी कधी पाहिलेलीच नाही. क्रेग यांनी २००६ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना आणि गोलकीपरांना अर्ध्यात थांबवलेल्या फ्री किक दाखवल्या आणि विचारलं, गोलात जाणार का? गिरकी नसलेल्या चेंडूंबद्दल उत्तरं ठीक आली. गिरकीच्या चेंडूंवर सगळेच फसले, गोलकीपरसुद्धा. चेंडू आत्ता ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने जाणार, असं धरूनच मेंदू उत्तर देत होता. आपल्याला वेग दिसतो, पण वेगातला बदल फार उशिरा दिसतो. वर्षानुवर्षांच्या सरावानेही हा दोष पुरता जात नाही.

म्हणून फ्रान्सचा गोलकीपर फाबियें बार्तेझ याला मी कधी नावं ठेवत नाही. ३ जून १९९७, ल्यों शहर, फ्रान्स विरुद्ध ब्राझील. रोबेर्तो कार्लोसने ३५ मीटरवरून डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू हाणला. भिंतीच्या उजवीकडून तो इतका बाहेर गेला की गोलामागे बाजूला उभ्या असलेल्या बॉलबॉयने डोकं वाचवायला मान खाली घातली, असं सांगतात. मग चेंडू आत वळला आणि उजव्या खांबाला आतून लागून गोल झाला. बार्तेझ जागेवर उभा. २०१० मध्ये काही फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की गिरकीचा चेंडू मंदावत जातो तसं त्याचं वळण घट्ट होत जातं, गोगलगाईच्या शंखासारखं. अंतर कमी असतं तर शेवटचं घट्ट वळण दिसायच्या आधीच चेंडू जाळ्यात गेला असता. बार्तेझच्या डोळ्यांनी पहिल्या अर्ध्या वाटेचा हिशेब चोख केला होता: चेंडू बाहेर चाललाय. फसवलं ते उरलेल्या अर्ध्याने.

मग गोलकीपरने करायचं काय? माझ्या मते सगळ्यात महागडी चूक म्हणजे तो छोटा आगाऊ पाय. मारणारा धावत आला की 'हा भिंतीवरूनच टाकणार' असं ठरवून गोलकीपर भिंतीमागे एक पाऊल सरकतो, आणि चेंडू त्याच्या मूळ बाजूला येतो. भिंतीची बाजू भिंतीला सोपवलेली. मोकळी बाजू आपली. मोकळ्या बाजूला, भिंतीच्या कडेवरून चेंडू दिसेल अशी जागा धरून, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून, मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागेपर्यंत थांबायचं. वरून आलेला चेंडू पोचायला सेकंद घेतो, तेवढ्यात भिंतीमागेही जाता येतं. मोकळ्या बाजूचा चेंडू तेवढा वेळ देत नाही.

गिरकी अजिबात नसलेला चेंडू हे आणखी वेगळं दुखणं. ल्यों क्लबचा जुनिन्यो त्यात वाकबगार होता. असा चेंडू हवेत डुगडुगतो, कारण शिवणींमुळे मागची हवा कधी या बाजूने सुटते, कधी त्या. २०१० च्या विश्वचषकातला आठ तुकड्यांचा जाबुलानी यासाठी बदनाम झाला. नासाच्या एम्स केंद्रातल्या रवींद्र मेहतांनी तो तपासला, तेव्हा ताशी ७२ ते ८० किलोमीटरच्या आसपास त्याचं डुगडुगणं सर्वांत जास्त आढळलं. क्रिकेटच्या स्विंगवरही काम केलेला हा माणूस. हा वेग आपल्या हिशेबातल्या मर्यादेला जवळजवळ चिकटलेला आहे, हे पाहून मला पहिल्यांदा जरा दचकायलाच झालं. असा चेंडू धरायला जाऊ नये. दोन्ही मुठींनी बाजूला पिटाळावा.

राहिली भिंतीतली माणसं. १९७४ च्या विश्वचषकात झाईरचा म्वेपू इलुंगा ब्राझीलच्या फ्री किकच्या वेळी भिंतीतून सुटला आणि त्यानेच चेंडू भिरकावून दिला. जग बरीच वर्षं हसलं. नियम मला ठाऊक होता, असं त्याने पुढे सांगितलं. भिंतीला इतकी मुभा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, पण २०१९ पासून आक्रमकांनाच तिच्यापासून एक मीटर दूर ठेवलं गेलंय. भिंत तिघांची किंवा त्याहून मोठी असेल तर. धक्काबुक्की कमी झाली आणि गोलकीपरच्या डोळ्यांपुढची गर्दीही.

उडी मारायची की नाही, हा प्रश्न मात्र होताच. उडी मारली तर वरची वाट अवघड होते आणि पायांखाली बोगदा उघडतो. रोनाल्डिन्योने डिसेंबर २००६ मध्ये वेर्डर ब्रेमेनविरुद्ध त्याच बोगद्यातून चेंडू घातला. त्यावर उत्तर निघालं ते अगदी गावठी: एकाने भिंतीमागे आडवं पडायचं. २४ ऑक्टोबर २०१८ ला बार्सिलोनाच्या मैदानावर लुईस सुआरेझने खालून मारलेला चेंडू इंटरच्या मार्सेलो ब्रोझोविचच्या अंगावर अडला, तो ऐन वेळी भिंतीमागे लोळला म्हणून. तेव्हापासून ही रीतच पडली. २०२१ मध्ये पॅरिसच्या संघासाठी खुद्द मेस्सी असा आडवा झाला, तेव्हा जगभर हळहळ झाली. मला तर त्यात काही अपमानास्पद दिसलं नाही. बोगदा बंद झाल्याने चौघं निर्धास्त उडी मारू शकतात.

आता ही रीत कोल्हापुरातही पोचली आहे. सगळ्यात हलका पोरगा बिनबोभाट खाली पडतो. गोलकीपर चेंडू शोधत असतो, भिंतीला निदान तो समोर दिसतो, पण या पोराला दिसतात फक्त सहकाऱ्यांच्या बुटांचे खिळे. ते जमिनीवरून सुटतात तेव्हा किक मारली गेली हे त्याला कळतं, आणि तिचं काय झालं ते स्टँड ओरडल्यावर.