पुणे फुटबॉल क्लब : एका व्यावसायिक संघाचे अल्पायुष्य

पिंपरीच्या संत तुकाराम नगरापासून बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल फारसे दूर नाही आणि देहूरोडलगतचे मामुर्डी हे गावही याच टापूतील. या दोन ठिकाणांशी ज्या संस्थेचे नाव काही वर्षे निगडित होते ती पुणे फुटबॉल क्लब ही संस्था आज अस्तित्वात नाही. मैदानावर नाव कमावलेली ही संस्था इतक्या लवकर का लोपली, हा प्रश्न केवळ क्रीडेचा नाही; तो संस्थांच्या घडणीचाही आहे.

अशोक पिरामल उद्योगसमूहाने हा संघ २००७ साली स्थापन केला. २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून तो आय-लीगमध्ये आला आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००९-१० च्या पहिल्याच हंगामात तिसऱ्या स्थानावर पोहोचला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ त्याने दुसरे स्थान पटकावले, आणि त्यामुळे २०१४ च्या आशियाई फुटबॉल महासंघ चषकाचे द्वार त्याला खुले झाले. त्याच सुमारास माइक स्नोई हे डच प्रशिक्षक त्याला लाभले होते. २०१४ च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र साळगावकर संघाकडून त्याला हार पत्करावी लागली. जन्माने जपानी असलेले आराता इझुमी याच संघाकडून खेळत असता भारताचे नागरिक झाले व भारतीय संघातून खेळले, ही गोष्टही नोंदण्याजोगी आहे.

परंतु संघाची खरी कमाई विजयचिन्हांत शोधू नये. ती मामुर्डीच्या मैदानावर होती. तेथे चालविलेल्या निवासी प्रशिक्षण केंद्रात दूरदूरच्या प्रांतांतून मुले येत. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा त्यांपैकीच एक. २०१९ च्या आशियाई चषकात तो भारताकडून खेळला. असे केंद्र चालवावयाचे म्हणजे वर्षानुवर्षे पैसा ओतावयाचा आणि फळाची घाई करावयाची नाही. खेळाडूंचे वेतन, प्रवास, निवास, मैदानाची निगा हा खर्च अटळ असतो. उत्पन्नाची बाजू मात्र अगदीच लंगडी होती. तिकिटांची विक्री व जाहिरातदारांचे साहाय्य यांतून तो खर्च निघणे दुरापास्त होते, व तूट मालकाने सोसावी हाच शिरस्ता पडला होता. उद्योगसमूहाच्या औदार्यावर उभा असलेला संघ त्या औदार्याइतकाच टिकतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली व फगवाड्याचा जेसीटी २०११ साली असाच बंद झाला होता.

त्यातच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुण्याला त्या स्पर्धेत एफसी पुणे सिटी हा नवा संघ मिळाला, आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी हा आय-लीगमध्ये उतरला. २०१४-१५ च्या हंगामात एकाच शहरात, एकाच बालेवाडीच्या मैदानावर, तीन व्यावसायिक संघ नांदू लागले. फुटबॉलची फारशी सवय नसलेल्या नगराला हे झेपणे कठीणच. २०१५ मध्ये पुणे एफसी व भारत एफसी हे दोन्ही संघ बाहेर पडले. डीएसके शिवाजियन्सला आय-लीगमध्ये थेट प्रवेश देण्यात आला खरा, पण दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, तोही दिसेनासा झाला.

येथे नेदरलँड्सशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे व्यावसायिक फुटबॉलला १९५४ मध्ये आरंभ झाला, आणि लहान गावांतील संघांची दैना तेथेही चुकलेली नाही : हार्लेम २०१० मध्ये, रोसेंडालचा आरबीसी २०११ मध्ये, तर व्हेंडम व आपेलडोर्नचा एजीओव्हीव्ही २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघाले. तथापि एजीओव्हीव्ही ही १९१३ ची संस्था. १९७१ मध्ये ती व्यावसायिक स्पर्धांतून बाहेर पडली, २००३ मध्ये परतली, आणि दिवाळखोरीनंतरही तिची हौशी शाखा खेळतच राहिली. याचे कारण असे, की व्यावसायिक संघ हा तेथे एखाद्या सभासदसंस्थेच्या अंगावर वाढलेला असतो. फांदी तुटली तरी खोड राहते. पुण्यात खोडच मालकाचे होते. सभासद नव्हते, घटना नव्हती, वर्गणी नव्हती. होते ते प्रेक्षक, आणि प्रेक्षकास संघ चालू ठेवण्याचा अधिकार नसतो.

मामुर्डीचे प्रशिक्षण केंद्र २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीने घेतले. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, आर्थिक अडचणींमुळे तो संघही संपुष्टात आला व लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादच्या संघाने २०२१-२२ च्या हंगामात इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळविले. त्या हंगामात पुण्याचा एकही संघ देशाच्या अव्वल श्रेणीत नव्हता.